चुलीखालचे उंदीर

चाळणीवर पाणी सोडलं की माती वाहून जाते आणि मागे उरतं त्यात आमचा दिवस जातो. त्या दिवशी गुहेतल्या चौथ्या थराची दोन बादल्या माती धुतली आणि जाळीच दिसेना, इतकी बारीक हाडं. जाळी एक मिलिमीटरची होती. पाचची असती तर बहुतेक सगळं पाण्याबरोबर गेलं असतं आणि पुढचा वाद झालाच नसता.

हाडं एका जुन्या चुलीच्या राखेखालची होती, काही काळी पडलेली. उत्खननप्रमुख खूश. "उंदीर भाजून खात होते!" अहवालातलं वाक्य त्यांनी उभ्या उभ्या रचलंसुद्धा. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू. उंदीर खाणारी माणसं आजही आहेत.

टेबलावर निवडायला बसले आणि चिचुंद्र्या निघू लागल्या. दोन-चार नाहीत, जबड्यांमागून जबडे. चिचुंद्री मांजरसुद्धा मारून टाकून देतं. तिच्या वासाचं आणि चवीचं वावडं नसलेला गिऱ्हाईक म्हणजे घुबड.

एक जबडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. नखाएवढा, दाढा जागेवर, कडा धारदार. लांडगा-कोल्ह्याच्या पोटातून गेलेलं हाड चावून तुटलेलं आणि कडा गोल झालेलं असतं. ससाणा-गरुडांच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र की दातांवरचं एनॅमलही विरघळतं. घुबड सावज सहसा अख्खं गिळतं, त्याचं आम्ल त्यामानाने सौम्य. मांस विरतं, हाडं केसांत गुंडाळली जातात आणि काही तासांनी तो गोळा तोंडावाटे बाहेर पडतो. केसांच्या त्या वेष्टनामुळेच चिचुंद्रीची कवटीही शाबूत राहू शकते. पुढे केस कुजून जातात, हाडांचा ढीग तेवढा राहतो.

जीवाश्मांचे अभ्यासक पीटर अँड्र्यूज यांनी १९९० साली शिकारी पक्षी-प्राण्यांची, हाडांवरच्या पचनाच्या खुणांवरून, पाच गटांत वर्गवारी मांडली. पहिल्या गटात, म्हणजे सगळ्यात कमी खुणांच्या, गव्हाणी घुबड येतं. शृंगी घुबडाच्या गोळ्यांत झीज जास्त दिसते. माझ्यासमोरच्या दाढांवर झीज जवळपास नव्हतीच. मांडीच्या हाडांची गोल डोकी तेवढी थोडी खरवडल्यासारखी. कवटीपासून पंजापर्यंत सगळे अवयवही हजर.

पण मग काळी हाडं? प्रमुखांचा प्रश्न रास्त होता. भाजलेल्या प्राण्याचं हाड जिथे मांस कमी तिथे, म्हणजे टोकांना, आधी करपतं. ही आतून-बाहेरून सारखी काळी होती, दातांच्या खोबणीसुद्धा. मी पिशव्यांवरच्या खोलीच्या नोंदी काढायला लावल्या. चुलीला लागून काळी, त्याखाली तपकिरी, आणखी खाली साधी पिवळट. म्हणजे हाडं आधीच मातीत होती. नंतर कुणीतरी त्यांच्यावर चूल मांडली आणि धग खाली उतरली.

दुपारी बॅटरी घेऊन गुहेत गेले. खड्ड्याच्या बरोबर वर कपार, तिच्यावरून विष्ठेचे पांढरे ओघळ. आजच्या ओघळांवरून जुन्या घुबडाचा पुरावा मिळत नाही, तरी मान वर करून हसू आलंच.

संध्याकाळी प्रमुखांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे चुलीच्या आधी गुहा रिकामी होती?" बहुधा. खाली माणसांचा वावर आणि धूर असताना घुबड वर निवांत बसत नाही. आम्ही जेवणाचा पुरावा समजत होतो, तो माणसं नसल्याचा निघाला. आजूबाजूला कोणते प्राणी होते हेही हाडांतून कळतं, पण घुबडाच्या आवडीने निवडलेले. त्याला न आवडलेला किंवा दिवसाच फिरणारा प्राणी या यादीत क्वचितच येणार.

अहवालातलं वाक्य खोडलं. प्रमुख कुरकुरले, पण खोडलं त्यांनीच.

शेवटच्या पिशवीत सशाच्या मांडीचं हाड निघालं, चुलीच्याच पातळीवरचं. त्यावर दगडी पात्याचे तीन आडवे चरे, एका टोकाला करपल्याचा डाग. घुबडाच्या डबीवर लेबल लिहून झालं होतं. मी दुसरी डबी काढली आणि प्रमुखांना हाक मारली.