सहावी खुर्ची

रविवार, २३ नोव्हेंबर, ल्यों (फ्रान्स)

काल रात्री साडेअकराला पाहुणे उठले आणि टेबल आवरताना माझ्या लक्षात आले की माझा स्वतःचा नॅपकिनही मळलेला आहे. एवढ्याशा गोष्टीची नोंद करावीशी वाटते याचे माझे मलाच हसू येते. पण या शहरात राहायला आल्यापासूनच्या अकरा वर्षांत, घरी जेवायला बोलावलेल्या माणसांबरोबर मी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बसून जेवले, असे यापूर्वी एकदाही घडलेले नाही. टेबलाभोवतीच्या सहा खुर्च्यांपैकी सहावी नेहमी माझ्या नावाची असते आणि तिच्यावर बहुधा कोणाचा तरी कोट पडलेला असतो.

याची जाणीव मला खालच्या मजल्यावरच्या मादामनी करून दिली. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, ऐंशीच्या घरात आहेत, आणि इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही आम्ही एकमेकींना 'व्हू' म्हणजे अहो-जाहोच करतो. मागच्या दिवाळीत त्या आमच्याकडे जेवल्या. मी गरम पुऱ्या तळून आणून वाढत होते, श्रीखंड संपू देत नव्हते, बटाट्याची भाजी पुन्हापुन्हा फिरवत होते, आणि सगळे पोटभर जेवले म्हणून मनातून खूश होते. निघताना त्यांनी स्वयंपाकाची अगदी मनापासून स्तुती केली आणि दारात थबकून म्हणाल्या, "जेवण फार सुंदर होते, पण तुमची भेट मात्र झालीच नाही." त्या वेळी मला ते जरा लागलेच.

म्हणून या खेपेस फ्रेंच माणसांना फ्रेंच जेवण घालायचे, आणि तेही त्यांच्या रीतीने, असे मी ठरवले. पहिली यादी केली तेव्हा तीत अकरा पदार्थ निघाले, कारण पाहुणचाराचे माप पदार्थांच्या संख्येने काढायची आपली सवय हाडीमाशी मुरलेली. मग या शहराच्या 'मेर', म्हणजे 'आया', आठवल्या. धनिकांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी तिथून बाहेर पडून स्वतःच्या खाणावळी काढल्या आणि ल्योंचे नाव त्यांनीच मोठे केले. त्यांतल्या अजेनी ब्राझिए यांच्या दोन उपाहारगृहांना १९३३ साली मिशलँ (मिशेलिन) या उपाहारगृहांच्या मार्गदर्शकाचे प्रत्येकी तीन तारे मिळाले, आणि तरीही त्यांच्याकडे पदार्थ मोजकेच असत, वर्षानुवर्षे जवळपास तेच. मी यादी निम्म्यावर आणली: आधी पेयाबरोबर चीजचे पोकळ, फुगलेले गुजेर, मग मासा, मग कोंबडी, मग सॅलड आणि चीज, शेवटी क्रेम कारामेल, म्हणजे कॅरमेल कस्टर्ड. युनेस्कोने २०१० साली फ्रेंचांच्या प्रसंगविशेषीच्या जेवणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हाही साधारण हाच क्रम नोंदवला गेला. गंमत अशी की हा एकामागून एक वाढण्याचा शिरस्ता मुळात फ्रेंच नाहीच. तो रशियन पद्धतीचा म्हणून एकोणिसाव्या शतकात इथे रुळला. त्याआधी फ्रेंच मेजवानीत प्रत्येक फेरीचे सारे पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात, म्हणजे जुनी फ्रेंच पंगत आपल्या भरल्या ताटाच्या बरीच जवळची होती.

कोंबडी म्हणजे अर्थातच कोक ओ व्हँ, वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. या पदार्थातला 'कोक' म्हणजे खरे तर म्हातारा, चिवट कोंबडा, आणि त्याला मऊ करण्यासाठीच वाइनचा आणि वेळेचा हा सारा खटाटोप. आता असा कोंबडा सहसा मिळत नाही, म्हणून गुरुवारी सकाळी क्र्वा-रूसच्या बाजारातून मी कोंबडीच्या तंगड्याच आणल्या आणि बूर्गोन्यच्या लाल वाइनच्या एका बाटलीत गाजर, कांदा, थाइम आणि लॉरिए घालून रात्रभर मुरत ठेवल्या. लॉरिएचे पान मी सुरुवातीची दोन वर्षे तमालपत्र समजून वापरत असे. आपल्या तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन शिरा जातात आणि त्याला दालचिनीचा वास असतो. लॉरिएला मधोमध एकच शीर, आणि वास थोडा औषधी, निलगिरीकडे झुकणारा. दोन्हींचे झाड वेगळे, गुण वेगळे.

शुक्रवारी ते तुकडे बाहेर काढून एकेक कापडाने कोरडा टिपला. हे काम कंटाळवाणे आहे, पण ओले मांस कढईत तांबूस होत नाही, ते नुसते उकडते. खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आधी परतून त्यांच्या सुटलेल्या चरबीत कोंबडी लाल केली, वर चमचाभर मैदा भुरभुरून भाजला, मग वाइन ओतली आणि तासाभराहून अधिक वेळ अगदी मंद आचेवर ठेवून दिली. छोटे कांदे आणि अळंबी मात्र वेगवेगळी शिजवायची असतात, नाहीतर कांदे विरघळतात आणि अळंबीचे पाणी रश्शात उतरते. संध्याकाळी पातेले झाकून फ्रिजमध्ये ठेवताना मला खरा मुद्दा उमगला. हा पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. क्रेम कारामेलही रात्रभर थंड झाल्याशिवाय साच्यातून नीट सुटत नाही. सॅलडच्या ड्रेसिंगला दोन मिनिटे लागतात आणि चीज तर दुकानदारानेच करून ठेवलेले असते. म्हणजे घरगुती फ्रेंच मेजवानीचे बरेचसे पदार्थ असे की पाहुण्यांची घंटा वाजण्यापूर्वीच स्वयंपाक संपलेला असावा. आपल्याकडे मात्र उत्तम वाढणे म्हणजे तव्यावरून थेट ताटात, आणि त्यासाठी कोणीतरी एक बाई तव्यापाशी उभी असणे गृहीतच धरलेले.

पाहुणे इथल्या रिवाजाप्रमाणे दहा-पंधरा मिनिटे उशिरा आले. एकांनी ट्यूलिप आणले होते. मला माझे पहिले वर्ष आठवले. तेव्हा कोणाकडे तरी जेवायला जाताना मी मोठ्या हौसेने पिवळ्या शेवंतीची कुंडी नेली होती, आणि इथे ती फुले १ नोव्हेंबरच्या सुमारास थडग्यांवर वाहतात हे घरी परत येताना नवऱ्याने सांगितले.

एवढे सगळे समजून-उमजूनही माशाच्या बाबतीत माझी हौस आड आलीच. माशाबरोबर ब्यर ब्लाँ हे लोण्याचे सॉस हवे, असा माझा हट्ट होता. बारीक चिरलेले शॅलट जातीचे कांदे पांढऱ्या वाइनमध्ये आणि व्हिनेगरमध्ये चमचाभर रस उरेपर्यंत आटवायचे आणि त्यात थंड लोण्याच्या फोडी एकेक करून घोटायच्या. आच जरा वाढली, साठ अंशांच्या आसपास गेली, की मिलाफ मोडतो. बाहेर सगळे हसत होते, माझे अर्धे लक्ष तिकडे, आणि हातातल्या पातेल्यात बघता बघता वर पिवळे तूप आणि खाली आंबट पाणी दिसू लागले. मी अगदी नवख्यासारखी आणखी जोरात घोटत राहिले. तेवढ्यात मादाम हातात पेला घेऊनच आत आल्या, एक नजर टाकली, पातेले शेगडीवरून उतरवले, दुसऱ्या स्वच्छ भांड्यात दोन चमचे थंड क्रीम घेऊन म्हणाल्या, "आता यात थेंब थेंब ओता आणि मी सांगेपर्यंत थांबू नका." सॉस पूर्वीइतके रेशमी झाले नाही, पण वाढण्याजोगे झाले. "असल्या गोष्टी उपाहारगृहांसाठी ठेवाव्यात," त्या पुढे म्हणाल्या, "घरात पाहुणे असतात." मला त्यांचे म्हणणे सोळा आणे पटले.

कोंबडीचे पातेले सरळ टेबलावर नेऊन ठेवले आणि मी बसले. पहिली दहा मिनिटे हातांना काय करावे ते कळेना. इथे हात मांडीवर ठेवत नाहीत, मनगटे टेबलाच्या कडेवर दिसायला हवीत, हे ठाऊक होते. पण प्रश्न शिष्टाचाराचा नव्हता, माझे हात सारखे वाढायच्या डावाकडे जात होते. समोरच्या गृहस्थांना मी आणखी घेण्याविषयी विचारले, ते हसून "मेर्सी" म्हणाले आणि मी लगेच एक तंगडी त्यांच्या ताटलीत घातली. विचारल्यावर नुसते "मेर्सी" म्हणणे म्हणजे इथे नकार असतो. अकरा वर्षे मला हे माहीत आहे, तरीही कान मराठीच. त्यांनी बिचाऱ्यांनी ती संपवली. चीजच्या वेळी मात्र मी स्वतःला आवरले, कारण चीजचे ताट रिवाजाने एकदाच फिरते. दुसऱ्यांदा चीज घेणे म्हणजे आधीचे जेवण कमी पडले असे सुचवणे. सँ-मार्सलँ हे मऊ चीज इतके पिकले होते की चाकू लावताच ताटलीत पसरले, आणि त्यावरून त्या बाजारातला कोणता चीजवाला चांगला, यावर पाऊण तास वाद झाला. तो वाद मी पूर्ण ऐकला. एरवी त्या पाऊण तासात मी भांडी विसळत असते.

आज सकाळी मादामचा फोन आला. आभार मानून झाल्यावर त्यांनी विचारले की पुढच्या वेळी भारतीय जेवण करता येईल का, पण पुऱ्यांसारखे तळत उभे राहावे लागणार नाही असे काही. मी श्रीखंड म्हणणार होते, मग पुरणपोळी आठवली. ती आदल्या दिवशी करून ठेवता येते, आणि आमच्या घरी तर सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या पोळीवरच सगळ्यांचा डोळा असायचा. दुकानात चणाडाळ मिळते, गूळ नवऱ्याला गावाहून आणायला सांगितला आहे. तारीख जानेवारीतली ठरली.