तुम्ही विचारलंत म्हणून: इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं?

मी पेशींवर काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग मॅडम, इम्युनिटी वाढवायला काय घ्यावं?" 2020 पासून हा प्रश्न मला रत्नागिरीच्या मासळीबाजारात उभ्या उभ्यासुद्धा विचारला गेला आहे. गुळवेल, हळद-दूध, आमसुलाचं सार की गोळ्या, एवढंच ऐकायचं असतं. मीही "वेळेवर जेवा, झोपा, लसी घ्या" म्हणून वेळ मारून नेत आले. तो सल्ला खरा आहे, पण ते उत्तर नव्हे. माझी अडचण 'वाढवायला' या शब्दाशी आहे आणि ती बाजारात उभं राहून सांगून होत नाही.

मारक टी पेशी म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशींना मारणारी पांढरी पेशी, साधारण 10 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिनं भरलेले कण तिच्यात आधीच तयार असतात. बाधित पेशी भेटली की हे कण नेमके दोघींच्या मधल्या फटीत सुटायला हवेत, कारण भलतीकडे सुटले तर शेजारची निरोगी पेशी मरेल. म्हणून टी पेशी आपला सेन्ट्रोसोम, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून फुटतात ते केंद्र, स्पर्शाच्या जागी आणते. नलिका 25 नॅनोमीटर जाडीच्या. त्यांच्यावरून डायनीन हे ओढणारं प्रथिन कणांना केंद्राकडे नेतं, कायनेसिन हे दुसरं बहुतेक वेळा उलट दिशेला. (हे कायनेसिन 1985 साली माकुलाच्या (स्क्विडच्या) मज्जातंतूतून शोधलं गेलं. ते 8 नॅनोमीटरचं एकेक पाऊल टाकत चालतं. माकूल साफ करताना मला हे दर वेळी आठवतं.) पेशीच्या पडद्यापाशी पोचल्यावर रॅब-27ए हे प्रथिन कणाला तिथे बांधतं, मंक13-4 हे दुसरं प्रथिन त्याला पडद्याशी जुळण्याच्या तयारीत आणतं आणि मगच कण उघडतो.

यातला एखादा दुवा जन्मापासून नसला तर काय होतं? परफोरिन भरपूर असतं, टी पेशी बाधित पेशीला बरोबर चिकटते, पण मारू शकत नाही. मारत नाही म्हणून सुटत नाही, आणि सुटत नाही तोवर इंटरफेरॉन गॅमा हा चेतवणारा रेणू ओतत राहते. त्याने मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पांढऱ्या पेशी, चेकाळतात. बाळाचा ताप उतरत नाही, प्लीहा वाढते, रक्तपेशी घटतात, रक्तातलं फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) प्रचंड वाढतं. या आजाराला एचएलएच (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस) म्हणतात. उपचार काय? डेक्सामेथासोन आणि इटोपोसाइड ही औषधं देऊन आधी हीच खवळलेली इम्युनिटी दाबायची, आणि जन्मजात दोष असेल तर पुढे बोन मॅरो बदलायचा. आता मला सांगा, या बाळाची इम्युनिटी कमी म्हणायची की जास्त?

आजार दुर्मीळ आहे, आमच्या घरी असं काही नाही, हे तुम्ही म्हणणार. मान्य. पण माल भरलेला असणं वेगळं आणि तो पोचणं वेगळं, हे मला स्वतःला पुस्तकातून कळलं नाही. ते एका फसलेल्या प्रयोगातून कळलं.

टी पेशींमधलं रॅब-27ए कमी करून आम्ही कण कुठवर पोचतात ते बघत होतो. कृती साधी आहे. पेशी चिकटाव्यात म्हणून पॉली-लायसिन लावलेल्या काचांवर टी पेशी आणि लक्ष्य पेशी एकास एक मिसळायच्या, 37 अंशांवर 20 मिनिटं ठेवायच्या, 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये 15 मिनिटं स्थिर करायच्या, मग परफोरिन रंगवून मोजायचं. नेहमीच्या पेशींच्या काचा सकाळी झाल्या. दुपारी पाऊस लागला आणि लाइट गेली. रॅब-27ए कमी केलेल्या पेशींची ट्रे खराब होऊ नये म्हणून मी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यासकट बर्फात ठेवली. आपल्याकडे जपायचं म्हटलं की हात बर्फाकडेच जातो. मासा बर्फात टिकतो, तशी पेशीही टिकेल असं वाटतं. तासाभराने लाइट आली. इन्क्युबेटरवर 37 दिसले, ट्रे ठोकळ्यासकट आत गेली आणि मी 20 मिनिटं मोजली.

चित्र विलक्षण होतं. रॅब-27ए नसताना कण स्पर्शाच्या जागेजवळ येऊन अडतात, हे आधीपासून माहीत होतं. इथे ते पेशीभर विखुरलेले दिसत होते. मला वाटलं, रॅब-27ए ओढण्याच्या टप्प्यातही लागतं, हे नवीन सापडलं. तीन आठवडे मी तसंच बोलत होते, एका बैठकीत मांडलंसुद्धा. तिथे एकाने विचारलं, "ट्युब्युलिन कसं दिसतं?" सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात ते हे प्रथिन; ते रंगवलंच नव्हतं. उरलेल्या काचा रंगवल्या. सकाळच्या पेशींमध्ये छत्रीच्या काड्यांसारख्या नलिका, सगळ्या एका टोकाला जमलेल्या. दुपारच्या पेशींमध्ये नुसतं धुकं, मधे एक ठिपका आणि दोन-चार आखूड काड्या. सस्तन प्राण्यांच्या सूक्ष्मनलिका थंडीत विरघळतात. हे मला पाठ होतं, विद्यार्थ्यांना मी ते शिकवतही होते. मग तोच ठोकळा, वर पाणी भरलेली ट्रे ठेवून, तसाच बर्फातून काढून इन्क्युबेटरमध्ये ठेवला आणि थर्मामीटर त्या पाण्यात बुडवला. 20 मिनिटांनी 19 अंश. हवा 37 ची होती, पेशी नव्हत्या.

त्या बैठकीतल्या लोकांना मी पत्र लिहून सगळं मागे घेतलं. आजही ते चित्र माझ्याकडे आहे. परफोरिन दोन्हीकडे सारखंच होतं, लक्ष्य पेशी शेजारीच चिकटलेली होती. फक्त रस्ता नव्हता.

पूर्वी मी शाळांमधून सांगायचे की शरीर म्हणजे रत्नदुर्ग, पांढऱ्या पेशी म्हणजे मावळे, दारूगोळा भरपूर हवा. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं की 'दारूगोळा वाढवा' ही भाषा तूच पसरवलीस. ती म्हणते, त्याशिवाय पोरं ऐकत बसली असती का? तिचंही खोटं नाही. माझ्याकडे तिच्याइतकं सोपं चित्र अजून नाही. शिवाय मी वर सांगितलं तेही पूर्ण चित्र नाही. सेन्ट्रोसोम पोचण्याआधीच काही कण सुटतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे. मग सेन्ट्रोसोमच्या त्या प्रवासावर किती आणि काय अवलंबून, यावर आमच्यात वाद चालू आहेत.

गुळवेलीचं विचाराल तर, 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. प्रतिकारशक्तीच आपल्या यकृतावर उलटावी, तशी ती सूज होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. मी मात्र 'वाढवायला' म्हणून रोज काही घेत नाही. आमसुलाचं सार घेते, कारण ते मला आवडतं.

एवढं मात्र लक्षात ठेवा. बाळाचे केस जन्मापासून चंदेरी-करडे असतील आणि ताप पुन्हा पुन्हा येत असेल, तर एक केस साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. केसाचा रंग वाहणाऱ्या कणांनाही रॅब-27ए लागतं. ते नसलं तर रंगाचे मोठे, वेडेवाकडे गठ्ठे दिसतात. हे तालुक्याच्या ठिकाणीही होण्यासारखं आहे. पुढे टी पेशींचे कण बाहेर पडतात का, ही तपासणी लागली, तर रक्त हेपारिनच्या, हिरव्या बुचाच्या नळीत घेतात, आणि ते 24 तासांत पोचायला हवं. म्हणजे इथून रात्रीच्या गाडीने मुंबई. खोक्यात बर्फ घालू नका, कुणी प्रेमाने घालून दिला तरी काढून टाका.