मेन जेट कितीचा टाकू?

‘जुन्या गाडीला वेबर कार्बोरेटरची (कार्बची) जोडी बसवतोय, मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य पितळी भोक, कितीचा टाकू?’ तुम्ही विचारलंत, तुमच्याआधीही पुष्कळांनी विचारलंय. आकडा सांगून टाकतो. व्हेंचुरीचा, म्हणजे कार्बच्या आतल्या अरुंद गळ्याचा, व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि चारनं गुणा. व्हेंचुरी ३२ ची असेल तर जेट १३० च्या आसपास. एअर करेक्टर, म्हणजे त्या पेट्रोलात हवा मिसळणारा जेट, त्याहून ५० नं मोठा, म्हणजे १८०. इमल्शन ट्यूब, म्हणजे ही हवा पेट्रोलात मिसळते ती भोकांची नळी, एफ११ किंवा एफ१६ पासून सुरू करा. झालं. पण गाडी सिग्नलवरून निघताना अडखळते, म्हणून हे विचारत असाल तर मेन जेटचा तिथे फारसा संबंधच नाही.

रोजच्या चालवण्यात पाय पेडलवर जेमतेम टेकलेला असतो. तेव्हा पेट्रोल येतं ते आयडल जेटमधून, आणि बटरफ्लायच्या (पेडलनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) कडेला ओळीनं असलेल्या बारीक प्रोग्रेशन होल्समधून. मेन जेट जागा होतो तो पाय दाबल्यावर. लोक मात्र मेन जेटचे डबे भरून ठेवतात आणि आयडल जेट कार्बसोबत आलेलाच ठेवतात.

डीसीओईच्या (वेबरच्या या आडव्या कार्बच्या) अंगावर वरून, प्रोग्रेशन होल्सच्या बरोबर डोक्यावर, पितळी प्लग असतात. ते काढून टॉर्च मारा. आयडलला, म्हणजे पेडल सोडून इंजिन नुसतं चालू असताना, बटरफ्लायची कड पहिल्या होलच्या अलीकडेच असायला हवी. ती ओलांडून पुढे गेली असेल, तर आयडलची स्पीड नीट राहावी म्हणून कोणीतरी आयडल स्पीडचा स्क्रू दाबत नेलाय. मग पाय टेकवताना मदतीला यायची ती होल्स आधीच उघडी पडलेली असतात आणि नेमक्या त्या क्षणी गाडी अडखळते. स्क्रू इतका का दाबावा लागला? बऱ्याचदा इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे असतं म्हणून. टायमिंग थोडं पुढे घेतलं की आयडल वर चढतं, स्क्रू मागे घेता येतो आणि जेट न बदलता अडखळणं जातं. म्हणूनच टॅपेट, कॉम्प्रेशन आणि टायमिंग हे कार्बला हात लावायच्या आधी बघायचं. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, त्याला नवीन पितळी जेट विकत घ्यायचे असतात.

एवढं करूनही अडखळलं तर मिक्श्चर स्क्रू (आयडलचं पेट्रोल कमीजास्त करणारा) अर्धी फेरी बाहेर काढून बघा. फरक पडला तर आयडल जेट एक माप वाढवा. ५०एफ८ मधले ५० म्हणजे पेट्रोलचं भोक अर्ध्या मिलिमीटरचं. एफपुढचा आकडा हवेच्या भोकाचा, आणि तो क्रमानं जात नाही: एफ९ हा एफ८ पेक्षा रिच (पेट्रोल जास्त), तर एफ२ दोघांपेक्षा लीन (पेट्रोल कमी). तक्ता बघितल्याशिवाय जेट मागवू नका.

कार्ब चाळीसचा घ्यावा की पंचेचाळीसचा, यावर माणसं तावातावानं भांडतात. तो आकडा बटरफ्लायपाशी असलेल्या तोंडाचा. इंजिनाला कळते ती आतली व्हेंचुरी, आणि ती बदलता येते. मोठी टाकली की कमी आरपीएमला हवा संथ होते आणि पेट्रोल ओढायला जोर राहत नाही. रस्त्यावरच्या गाडीला मी नेहमी लहानच सुचवतो. वरची थोडी ताकद जाते, जाऊ दे.

बसवताना दोन गोष्टींची हयगय करू नका. पेट्रोलचं प्रेशर ३ पीएसआयच्या आसपास ठेवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात तर कार्बमध्ये येणारं पेट्रोल रोखणारा नीडल व्हॉल्व्ह त्याला आवरू शकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनावर वाहतं. दुसरं म्हणजे कार्ब आणि मॅनिफोल्डमध्ये रबरी ओ-रिंग असते, ती चिरडेपर्यंत नट आवळायचे नाहीत. कार्ब हातानं किंचित हलला पाहिजे. घट्ट बसवला तर इंजिनाच्या थरथरीनं फ्लोटच्या वाटीतलं (कार्बमध्ये साठलेलं) पेट्रोल ताकासारखं फेसाळतं, आणि मग ठरावीक आरपीएमला येणारं मिसिंग कुठल्याच जेटनं सुटत नाही.

दोन्ही कार्बची हवा एअरफ्लो मीटर लावून सारखी करून घ्या, कानावर विसंबू नका. थ्रॉटल पूर्ण उघडतो का, हे पेडल दाबूनच तपासा. लिंकेज हातानं ओढून बघितलं तर केबलचा ढिलेपणा कळत नाही. रिटर्न स्प्रिंग दोन लावा, एक तुटली तरी थ्रॉटल बंद झाला पाहिजे.

मेन जेटची पाळी आता. धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात लावा, मोकळा आणि सुरक्षित ट्रॅक मिळाला तर तिथे, नाहीतर डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर), पूर्ण थ्रॉटलला रीडिंग घ्या. एक भाग पेट्रोलला साडेबारा ते तेरा भाग हवा आली तर हात लावू नका. चौदाच्या घरात गेलं तर जेट पाचनं वाढवा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तीच गाडी जरा लीन चालते, त्यामुळे जुन्या तक्त्यातला आकडा कमी पडू शकतो. रीडिंग मधे बरोबर आणि फक्त वरच्या आरपीएमला लीन होत असेल, तर जेट राहू द्या, एअर करेक्टर लहान करा.