तुम्ही विचारलंत म्हणून: मुंग्यांची चटणी खाताना किळस नाही आली?

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकडची नऊ वर्षांची नर्सची नोकरी आटपून रत्नागिरीला परतले, तेव्हापासून लग्न असो वा बारसं, हा प्रश्न येतोच. "तू खरंच मुंग्या खाल्ल्यास? किळस नाही आली?"

आली. पहिल्या वेळी आली. एका माडिया आदिवासी घरात बाळंतिणीला बघायला गेले होते. निघताना तिच्या सासूने पानावर भात आणि त्याशेजारी तांबूस चटणी ठेवली. आत पांढरी अंडी दिसत होती. हात पुढे जाईना. पण म्हातारी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या घरचं अन्न परत करणं मला जमलं नाही. जिभेवर आधी आंबटपणा आला, कैरीपेक्षा कडक, मग मिरची. तो आंबटपणा मुंगीच्या अंगातल्या फॉर्मिक आम्लाचा. दुसरा घास मी मागून घेतला.

या मुंग्या झाडावर पानं शिवून घर करतात. कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, बाकीच्या आपल्या अळ्या जबड्यात धरून त्यांच्या तोंडातल्या रेशमाने टाका घालतात. माणसं फांदी तोडून घरटं पाण्यात झटकतात, मुंग्या आणि अंडी निथळून मीठ-मिरचीबरोबर दगडावर वाटतात. चावे खात हे करावं लागतं. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये या चटणीला चापडा म्हणतात. ओडिशातल्या मयूरभंजची अशीच काई चटणी, तिला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता शहरातली शिकलेली माणसं मला वेगळं विचारतात: कीटक हे उद्याचं अन्न आहे ना? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2013 चा अहवाल त्यांनी ऐकलेला असतो. जगात सुमारे 200 कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत, आणि एक किलो कीटक वाढवायला साधारण दोन किलो खाद्य लागतं, तर गुराचं वजन किलोभर वाढायला आठ किलो, असं त्यात म्हटलं आहे. युरोपने 2021 मध्ये पिवळ्या मीलवर्मला, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळीला, अन्न म्हणून मान्यता दिली, सिंगापूरने 2024 मध्ये कीटकांच्या 16 जातींना. मला हे पटतं. पण आकडे ऐकून कुणी घास उचलल्याचं मी पाहिलेलं नाही. घास उचलला जातो तो वाढणाऱ्याकडे बघून.

आणि म्हणूनच एक गोष्ट मला अजून टोचते. त्याच घरातला मोठा नातू आश्रमशाळेत होता. सुट्टीत आला आणि चटणी बघून त्याने पान सरकवलं. शाळेत मुलं "मुंगीखाऊ" म्हणून चिडवत होती. आजी काही बोलली नाही, पान उचलून आत घेऊन गेली. जंगलातून फुकट मिळणारं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं प्रथिन त्या पोराच्या ताटातून गेलं, ते आपण नाकं मुरडल्यामुळे. उद्या तेच चकचकीत पाकिटात परदेशातून आलं, तर आपण कौतुकाने विकत घेऊ. याचा मला राग येतो.

आम्ही कोकणातली माणसं कोळंबी, सुकट, कुर्ल्या आवडीने खातो. या सगळ्या मुंग्यांच्या लांबच्या नातेवाईक, सहा पायांऐवजी जास्त पायांच्या. नातं इतकं खरं आहे, की ज्यांना कोळंबीची अॅलर्जी आहे त्यांनी कीटकही जपूनच खावेत. किळस पायांची नसते, सवयीची असते. माझी एका दुपारात कमी झाली.

हीच मुंगी आमच्या आंब्यावरही असते, आम्ही तिला ओंबील म्हणतो. दक्षिण चीनमध्ये लिंबू-संत्र्याच्या बागांत कीड आवरायला तिची घरटी विकत आणून टांगत, त्याची नोंद इसवी सन 304 च्या सुमाराची आहे. गेल्या मे महिन्यात आंबे उतरवताना भाऊ घरटं जाळायला चूड पेटवून आला. मी त्याला थांबवलं, हे सगळं सांगितलं. त्याने चूड विझवली आणि दुसऱ्या फांदीकडे वळला. मी थोडी चटणी वाटली. घरात अजून कुणी चाखलेली नाही. पुतणीने फक्त वास घेतला आणि विचारलं, "आत्ये, कैरी घातलीस का?"