क्वीनची १९७० ते १९७५ ही पाच वर्षे, गिटारच्या थरांमधून: कामाची प्रगती

क्वीन या ब्रिटिश बँडची १९७० ते १९७५ ही पाच वर्षे नुसती ऐकून नव्हे, तर वाजवून समजून घ्यायची, असे ठरवून घरी हाती घेतलेल्या कामाची ही पुढची नोंद आहे. पद्धत पूर्वीचीच आहे. ध्वनिमुद्रिका ज्या क्रमाने बाहेर आल्या त्याच क्रमाने जायचे, प्रत्येकीतले एखादे गाणे निवडायचे आणि त्यातले बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचे गिटारचे थर, म्हणजे एकावर एक मुद्रित केलेले गिटारचे निरनिराळे आवाज, एकामागून एक संगणकावर मुद्रित करायचे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पर्यंतचा टप्पा आता पूर्ण झाला आहे. या बँडच्या उदयाची गोष्ट बहुतेक वेळा त्या एकाच गाण्यापासून सांगितली जाते. परंतु थर उलगडत मागून पुढे आल्यावर माझे मत असे झाले आहे की १९७५मध्ये लोकांनी जे डोक्यावर घेतले, त्यातले बहुतेक सगळे १९७३मध्येच या चौघांच्या हाती आलेले होते. कमी होता तो स्टुडिओतला वेळ, आणि तो त्यांना कसकसा मिळत गेला हे त्यांच्या ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येते.

आधी साधनांविषयी, कारण या वेळी सर्वाधिक फरक तिथेच पडला. मे यांनी वडील हॅरोल्ड यांच्या मदतीने १९६३पासून घरीच घडवलेल्या ‘रेड स्पेशल’ गिटारची मान एका जुन्या शेकोटीच्या लाकडाची आहे, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या आहेत आणि मानेवरच्या खुणांसाठी शिंपल्याची बटणे वापरलेली आहेत. ही माहिती आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असते. आवाजाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट मात्र तिच्या तारजोडणीत आहे: तिन्ही पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकी भाग) एकमेकांना समांतर न जोडता एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंद करण्याचे व फेज (विद्युत्‌लहरीची दिशा) उलटवण्याचे स्वतंत्र बटण आहे. माझ्या तीन पिकअपच्या साध्या गिटारची जोडणी आता ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका जाणकाराकडून तशीच करून घेतली आहे. ब्रिजजवळचा आणि मधला पिकअप एकत्र चालू केला की आवाज मोठा तर होतोच, पण मधल्या पट्टीत तो असा भरीव होतो की त्यावर दुसरा आणि तिसरा सूर चढवताना प्रत्येकाला आपली जागा मिळते. हार्मनीचे थर आजवर एकमेकांत मिसळून गढूळ का होत होते, याचे अर्धे उत्तर मला इथे मिळाले. उरलेले अर्धे व्हॉक्स एसी-३० हा ॲम्प्लिफायर आणि ट्रेबल बूस्टर (उंच स्वर ठळक करणारे उपकरण) या त्यांच्या जोडीत आहे. ॲम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालवायचा आणि आवाज किती फाटावा हे गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणानेच ठरवायचे, ही त्यांची रीत आता माझ्याही हाताला बसू लागली आहे.

पिकच्या (तारा छेडण्याच्या छोट्या पट्टीच्या) जागी मे सहा पेन्सचे नाणे वापरतात, हेही सर्वश्रुत आहे. ते नाणे साधारण १९ मिलिमीटर व्यासाचे असून त्याच्या कडेला दाते आहेत; नाणे तारेला थोडे तिरके लागले की स्वराच्या आरंभी एक बारीक खरखर उमटते आणि त्यामुळे प्रत्येक स्वर शब्दासारखा सुटा उच्चारला जातो. आपल्याकडे यासाठी १९७२ ते १९९० या काळातले तांबे-निकेलचे पंचवीस पैशांचे नाणे अतिशय उपयुक्त ठरते, कारण त्याचा व्यास जवळजवळ तेवढाच आहे आणि कडही दातेरी आहे. २०११मध्ये चलनातून गेलेली चार आणे कोणाच्या घरी एखाद्या डब्यात पडून असतील, तर ती जपून ठेवावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. प्लास्टिकचा पिक वाकतो, नाणे वाकत नाही. त्यामुळे बोटांची पकड सैल ठेवावी लागते, आणि ही सैल पकडच मे यांच्या वादनातल्या नजाकतीचे एक मूळ असावे, असे मला वाटते.

आता मुख्य कामाकडे. मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’ या बँडमधून गायक टिम स्टाफेल १९७०मध्ये बाहेर पडले, फ्रेडी बुलसारा (म्हणजेच पुढचे फ्रेडी मर्क्युरी) त्यांच्या जागी आले, बँडचे नाव क्वीन झाले आणि १९७१मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी असलेले जॉन डीकन बास वाजवू लागल्यावर चौकडी पूर्ण झाली. त्यांना पहिला चांगला स्टुडिओ मिळाला तो उपकरणे तपासून पाहण्याच्या निमित्ताने: डी लेन ली या कंपनीच्या वेम्बली येथील नव्या जागेत यंत्रणेची चाचणी घेण्यासाठी जोरात वाजवणारा बँड हवा होता, आणि त्या बदल्यात क्वीनला आपली गाणी मुद्रित करता आली. पुढे ट्रायडंट स्टुडिओशी करार झाला, तेव्हाही पैसे भरून येणाऱ्या कलावंतांचे काम आटोपल्यावर उरलेल्या वेळेत, बऱ्याचदा रात्री उशिरा, त्यांना ध्वनिमुद्रण करावे लागे. पहिली ध्वनिमुद्रिका १९७२मध्ये अशा तुकड्यातुकड्यांनी तयार झाली आणि जुलै १९७३मध्ये बाहेर आली. त्यातले ‘कीप युअरसेल्फ अलाइव्ह’ मी निवडले होते. सुरुवातीच्या गिटारवरचा तो फिरता, घुसळल्यासारखा आवाज टेपवरच्या फेजिंगचा आहे; तोच ट्रॅक दुसऱ्यांदा ठेवून अगदी सूक्ष्म अंतराने मागेपुढे सरकवत नेला की तो घरीही बऱ्यापैकी साधतो. हे गाणे एकल तबकडी म्हणून ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत कुठेच आले नाही. ते थरांनिशी वाजवून पाहिल्यावर मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. कल्पना भरपूर आहेत, परंतु त्यांना श्वास घेण्याइतकी जागा ध्वनिमुद्रणात मिळालेली नाही.

‘क्वीन टू’ या दुसऱ्या मुद्रिकेपाशी मात्र मी मुद्दाम फार काळ रेंगाळलो. ऑगस्ट १९७३मध्ये त्यांना ट्रायडंटमध्ये पहिल्यांदाच नीट, सलग वेळ मिळाला आणि तो मिळताच या माणसांनी काय केले हे पाहायचे असेल, तर मुद्रिकेच्या आरंभीची ‘प्रोसेशन’ ही सव्वा मिनिटाच्या आसपासची रचना ऐकावी. त्यात शब्द नाहीत. टेलर यांच्या मोठ्या ढोलाचे संथ ठोके आहेत आणि त्यावर निव्वळ गिटारच्या स्वरांनी उभी केलेली एक मिरवणूक आहे. ऐकणाऱ्याला ती व्हायोलिन आणि पितळी वाद्यांची भासते, आणि म्हणूनच या बँडने आपल्या आरंभीच्या मुद्रिकांवर सिंथेसायझर वापरलेला नाही असे छापून ठेवले होते. मे यांच्या या वाद्यवृंदी आवाजाचे रहस्य ‘डीकी’ नावाच्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे. डीकन यांना रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट सापडले. ते त्यांनी एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले. त्यावर आवाज कमी-जास्त करायचे एकही बटण नाही. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमुळे त्यातून येणारा सूर टोकदार न राहता गोल आणि काहीसा नाकातला होतो, आणि असे चार-सहा सूर एकत्र आले की तारांचा आघात लपून फक्त स्वर उरतो.

माझ्याकडे अर्थातच तसा ॲम्प्लिफायर नाही. एका जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचा ध्वनिवर्धक भाग वेगळा काढून त्यातून गिटार वाजवण्याचा प्रयोग चालू आहे, आणि त्याचा निकाल उत्साह वाढवणारा आहे. अवघड भाग आवाजाचा नसून चालीचा निघाला. ‘प्रोसेशन’मधले सूर केवळ मूळ चालीच्या वर तिसऱ्या आणि पाचव्या स्वरावर बसवलेले नाहीत, प्रत्येक आवाजाला स्वतःची हालचाल आहे, एक वर जात असताना दुसरा जागीच थांबतो आणि तिसरा खाली उतरतो. म्हणून मी आता प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र चाल म्हणून पाठ करतो, तो एकटाच गाऊन पाहतो आणि मगच वाजवतो. व्हायब्रॅटोदेखील सगळ्या थरांत सारखा ठेवत नाही, कारण सगळे सूर एकाच गतीने थरथरले की ती अनेक वादकांची मिरवणूक न वाटता एकाच गिटारचा यांत्रिक परिणाम वाटतो. या कामात संगणकाने दिलेल्या सोयीची जाणीव सतत होत राहते. सोळा ट्रॅकच्या टेपवर इतके आवाज ठेवायचे तर आधीचे काही एकत्र मिसळून एका ट्रॅकवर उतरवावे लागत, आणि एकदा मिसळले की त्यातला एखादा कमी-जास्त करण्याची वाट बंद होई. म्हणजे अंतिम आवाजाचा तोल आधीच मनात पक्का असावा लागे. हा आत्मविश्वास १९७३मध्ये, अजून एकही गाणे यादीत न आलेल्या बँडकडे होता.

याच मुद्रिकेतल्या ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ला फेब्रुवारी १९७४मध्ये मिळालेली संधी योगायोगाची होती, डेव्हिड बॉवी यांची चित्रफीत वेळेवर मिळाली नाही म्हणून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये क्वीनला बोलावले गेले आणि गाणे दहाव्या क्रमांकावर पोहोचले. त्यानंतर मॉट द हूपल या बँडबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मे यांना कावीळ झाली आणि दौरा अर्धवट सोडावा लागला. ‘शीअर हार्ट अटॅक’ ही तिसरी मुद्रिका तयार होत असताना ते पुन्हा आजारी पडले, तेव्हा इतर तिघांनी त्यांच्या गिटारसाठी जागा मोकळ्या ठेवून काम पुढे नेले.

या सक्तीच्या मोकळ्या जागांचा त्या मुद्रिकेतल्या ‘किलर क्वीन’ला फायदाच झाला, असे माझे ठाम मत आहे. इथे गिटार कमी वाजते आणि जेव्हा वाजते तेव्हा नेमके बोलते. एकल वादनाच्या उत्तरार्धात सूर एकदम न येता एकामागून एक प्रवेश करतात. देवळात एक घंटा विरायच्या आत दुसरी वाजावी तसा प्रत्येक स्वर पुढच्या स्वराखाली रेंगाळत राहतो. हा परिणाम साधण्यासाठी मी प्रत्येक आवाज निराळ्या ट्रॅकवर घेऊन त्यांना डावीकडून उजवीकडे पसरवले. स्वर किती वेळ धरून ठेवायचा, यावर सारे अवलंबून आहे; तो थोडा लवकर सुटला तर घंटा न राहता साधी तान होते. हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत बाराव्या क्रमांकावर गेले. एप्रिल १९७५मध्ये जपानमध्ये त्यांच्या स्वागताला विमानतळावर हजारो चाहते जमले, आणि तरीही ट्रायडंटशी झालेल्या करारामुळे हाती पैसा जवळजवळ नव्हता. तो करार सुटल्यावरच ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ ही पुढची मुद्रिका सुरू झाली.

तिच्यातल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चे काम ऑगस्ट १९७५मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड येथे चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर सुरू झाले आणि नंतर अनेक स्टुडिओंतून फिरले. केवळ ऑपेराच्या भागासाठी मर्क्युरी, मे आणि टेलर कित्येक दिवस तासन्‌तास गात होते. गिटारवादकासाठी मात्र या गाण्याचा धडा उलटा आहे: इतक्या थरांच्या गाण्यात मधले एकल वादन एकाच ट्रॅकवर आहे. मे यांनी गायलेली चाल पुन्हा न वाजवता तिला उत्तर देणारी नवी चाल बांधली. सूरपट्टीही गिटारच्या सोयीची नाही. गाणे बी-फ्लॅटमधून ई-फ्लॅटकडे जाते, कारण ते पियानोवर सुचलेले आहे, आणि शेवटाकडचा जोरकस रिफदेखील (पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) मर्क्युरी यांनीच रचला होता. झांझिबारमध्ये जन्मलेल्या या पारशी मुलाने पियानोचे धडे घेतले ते आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत; ‘हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही तिथलाच. त्या रिफमध्ये बोटांना आडव्यातिडव्या उड्या माराव्या लागतात, कारण त्याची घडण पियानोवरच्या पंजाची आहे, गिटारच्या मानेवरच्या पकडीची नाही. हे ध्यानात आल्यापासून मी तो आधी पेटीवर वाजवतो आणि मग गिटारवर घेतो. हात पुष्कळ मोकळा झाला आहे.

५ मिनिटे ५५ सेकंदांचे हे गाणे ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी बाहेर आले आणि सलग नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले. ते प्रदर्शित होण्याआधी निवेदक केनी एव्हरेट यांनी कॅपिटल रेडिओवर एका शनिवार-रविवारात चौदा वेळा वाजवले होते.

सध्या त्याच मुद्रिकेतले ‘गुड कंपनी’ हाती घेतले आहे. त्यात मे यांनी क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा एक आख्खा जॅझ बँड गिटारवर उभा केला आहे. क्लॅरिनेटचा आवाज उलट फेजमधल्या दोन पिकअपने आणि रेडिओच्या ध्वनिवर्धकाने जवळपास जमला आहे. ट्रॉम्बोनची घसरण तार ओढून जमते, परंतु स्वराच्या आरंभीचा फुंकरीचा भास अजून येत नाही. तिथे व्हॉल्यूमचे बटण करंगळीने उघडत स्वर आणून पाहणार आहे, आणि ज्यांनी हा भाग आधी बसवला असेल त्यांनी आपली जोडणी जरूर सांगावी.