कितव्या फुटाला पाणी दारात येते?

सांगलीत घर घेताना किंवा भाड्याने पाहताना जाणकार माणूस आधी एकच प्रश्न विचारतो: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी कितव्या फुटाला गेली की इथे पाणी येते? तेथे 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी आहे. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या पुढे गेले, 2019 मध्ये 57 फुटांवर पोहोचले आणि 2021 मध्येही ते 55 फुटांच्या आसपास होते. आमच्या गल्लीत 51 फुटाला पाणी शिरते, म्हणजे 16 वर्षांत 3 वेळा.

जलसंपदा विभागाच्या पूररेषा पाहाव्यातच. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मात्र माझा अधिक भरवसा शेजारच्या भिंतीवरच्या गाळाच्या डागावर आहे. आपले जोते त्या डागापेक्षा किती खाली आहे, हे टेप लावून मोजता येते आणि मोजल्यावर बरीचशी चर्चा आपोआप मिटते.

विमा घ्यावा का, याचे उत्तर मजल्यानुसार बदलते. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकाधारकाला पुराची भीती मुख्यत्वे वाहनतळाची आणि विजेच्या मीटरची असते. तळमजल्यावर मात्र फुगलेले प्लायवूडचे कपाट, फ्रिज, गाद्या आणि ओल धरलेला गिलावा असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो, आणि शासनाच्या सानुग्रह अनुदानात तो भागत नाही.

एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक करण्यात आले आणि तिच्यात पुराचा समावेश आहे. विमा रक्कम चटई क्षेत्र आणि पुनर्बांधणीचा दर यांवरून ठरते. जागेची किंमत त्यात धरली जात नाही, त्यामुळे घराचा बाजारभाव सांगून जास्त हप्ता भरण्यात काहीच अर्थ नाही. इमारतीचा विमा घेतल्यास घरातील वस्तूंना तिच्या रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते, पण दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. भाडेकरूला केवळ वस्तूंचाही विमा काढता येतो, हे फारसे कोणी सांगत नाही. गृहकर्जाबरोबर बँकेने काढून दिलेल्या विम्यात अनेकदा फक्त इमारतच असते. तो कागद एकदा काढून वाचावा.

मी तळमजल्यासाठी विमा घेतला, आणि वस्तूंची छायाचित्रे व पावत्या मेमध्येच ईमेलवर साठवल्या.