गावभागातलं घर आणि रेडिंगचा कर

२०२५ च्या भाद्रपदात एका रात्री साडेअकराला लेकीचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळचे सात. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर मी धसकलेच.

"आई, गावभागातल्या घरावर माझं नाव आहे ना गं?"

"आहे की. मीच लावून घेतलंय."

"मग गेले पाच हजार पौंड."

झालं असं की लेक-जावई इंग्लंडात रेडिंगला घर घेत होते, किंमत ३ लाख ४० हजार पौंड. तिकडेही मुद्रांक शुल्कासारखा कर असतो, पण तो टप्प्याटप्प्याने लागतो. पहिले सव्वा लाख पौंड माफ, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्के, त्याच्या वर सव्वानऊ लाखांपर्यंत ५ टक्के. पहिलंच घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत काहीच नाही आणि वरच्या रकमेवर ५ टक्के. म्हणजे सवलतीत २ हजार, सवलत नसेल तर ७ हजार. आमच्याकडे बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट मिळते, तसलं तिकडे काही नाही.

पण "पहिलंच घर" म्हणजे काय? तर जगात कुठेही, कधीही, राहत्या घरात मालकी मिळालेली नसावी. वारसाने आलेली मालकीसुद्धा धरतात. आणि दोघं मिळून घेत असतील तर दोघंही कोरे हवेत. जावयांच्या नावावर सुईच्या अग्राएवढी जमीन नाही, तरी लेकीमुळे त्यांचीही सवलत बुडाली. तेव्हाच्या भावाने सहा लाख रुपयांच्या आसपास.

तर ते नाव मी का लावलं, तेही सांगते. दुय्यम निबंधक कार्यालयात माझी बत्तीस वर्षं कारकुनीत गेली. हक्कसोडपत्रं किती पाहिली त्याला गणती नाही. भाऊ रिक्षातून बहिणींना घेऊन यायचे, नवी साडी नेसवलेली, दुपारी जेवणाचा बेत. बहीण विचारायची, कुठं सही करू? काय लिहिलंय हे एखादीच विचारायची. ह्यांच्या माघारी सिटी सर्व्हेत वारस नोंदीचा अर्ज टाकला तेव्हा दीरच म्हणाले, "वहिनी, पोरगी परदेशात. आत्ताच हक्कसोड करून घ्या, पुढं सह्यांना अडतं." मी म्हटलं, माझ्या टेबलावर झालं ते माझ्या घरात होणार नाही. मिळकत पत्रिकेवर तीन नावं लागली: मी, मुलगा, मुलगी.

आता हक्कसोड करून दिलं तर सवलत परत मिळेल का, हे मी विचारलंच. नाही. एकदा मालकी आली की आली, नंतर सोडली तरी "कधीही नव्हती" असं होत नाही. तिचे वडील गेले त्या क्षणीच तिचा हिस्सा तिच्याकडे आला होता. नोंद नंतरची.

खरी भीती पुढे होती. दुसरं घर धरलं तर तिकडे सगळ्या किमतीवर ५ टक्के जादा कर बसतो, म्हणजे इथे आणखी १७ हजार पौंड. परदेशातलं घरही मोजतात. पण हिस्सा ४० हजार पौंडांच्या खालचा असेल तर तो धरत नाहीत. जुन्या घराचे पंच्याहत्तर लाख धरले तरी तिसरा हिस्सा पंचवीस लाख, साधारण एकवीस हजार पौंड. सुटलो. पूर येतो म्हणून गावभागात भाव चढत नाही, याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

पुरावरून आठवलं. तिकडे विकणाऱ्याने एक लांबलचक प्रश्नावली भरून द्यायची असते. घरात कधी पाणी आलं होतं का, शेजाऱ्यांशी भांडण आहे का, बागेत जपानी नॉटवीड नावाची चिवट झुडपं आहेत का. खोटं लिहिलं तर नंतर भरपाईचा दावा होऊ शकतो. शिवाय वकील पालिकेकडून, पाणी कंपनीकडून वेगळे दाखले मागवतो, पुराचा धोका तपासतो. आमच्या घराच्या चौकटीवर २००५ ची रेघ आहे, २०१९ ची तिच्याही वर. खरेदीखतात दोन्ही कुठे सापडणार नाहीत. आणि शेजाऱ्यांचा रकाना आमच्या बोळात भरायचा म्हटला तर पुरवणी जोडावी लागेल.

याआधी त्यांचं एक घर हातचं गेलं होतं. मालकाने किंमत मान्य केली, लेकीने पाहणीचे आणि वकिलाचे पैसे भरले, आणि सहा आठवड्यांनी मालकाने जास्त देणाऱ्याला होकार दिला. मी म्हटलं, विसार पावती कुठाय? तर तिकडे विसार असा देतच नाहीत. दोन्हीकडचे करार सह्या होऊन वकिलांमार्फत बदलले जाईपर्यंत कुणीच कुणाला बांधील नसतं. त्या दिवशी साधारण दहा टक्के भरायचे, आणि मग मागे फिरलात तर ते बुडाले. माणूस साखरपुड्यापर्यंत मोकळा आणि नंतर एकदम कैद, असला कारभार.

त्याआधी एका फ्लॅटचा सौदा मीच मोडायला लावला. तो फ्लॅट भाडेपट्ट्यावरचा होता, नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यातली बासष्ट उरलेली. मुदत ऐंशीच्या खाली गेली की वाढवून घेणं महाग पडतं आणि बँकाही कुरकुरतात.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. सात पौंड भरले की कुणाच्याही घराचा उतारा ऑनलाइन मिळतो. लेकीने पाठवला तो मी चष्मा लावून दोनदा वाचला. पहिल्या भागात मिळकत, दुसऱ्यात मालक, तिसऱ्यात बोजा. जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसं वाटलं. फरक एवढाच की त्या नोंदीमागे सरकार उभं असतं. नोंदीत चूक निघून नुकसान झालं तर सरकारी खात्यातून भरपाई मिळते. आमच्या कार्यालयात दस्ताची नोंदणी व्हायची, मालकीची नाही. विकणारा खरा मालक आहे का हे ज्याचं त्याने पाहायचं. लोकांना हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

शेवटी माझे नऊ लाख गेले, फंडातले. वकिलाला ते कुठून आले हे हवं होतं, म्हणून बँकेचे उतारे पाठवले. कर्ज देणाऱ्या बँकेला आणखी एक पत्र हवं होतं. लेकीने मजकूर पाठवला: हे पैसे उसने नाहीत, मी ते परत मागणार नाही, या घरात माझा कोणताही हक्क, हिस्सा वा हितसंबंध नाही आणि पुढेही सांगणार नाही.

वाचताना मधेच थांबले. मजकूर पाठ होता मला, फक्त इंग्रजीत कधी वाचला नव्हता.

"साक्षीदार किती?" मी विचारलं.

"एकही नको, आई. नुसती सही कर."

मी सही केली. खाली मुलाची आणि सुनेची साक्ष घेतलीच. बँकेने त्यावर काही विचारलं नाही.